चौकटीत किती माणसं बसतात

निधनाची बातमी संध्याकाळी सहाच्या आत वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचली पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्या दुपारी सगळ्यांना मान्य होती. बाकी कशावरही एकमत नव्हतं. बाबा असते तर एवढंही एकमत झालं नसतं. सहाला बंद होणाऱ्या कचेरीत चारला जाणारा माणूस उतावळा आणि साडेसहाला जाणारा मूर्ख, असं ते म्हणाले असते, आणि मग सहाला पाच मिनिटं कमी असताना स्वतःचा चष्मा शोधायला लागले असते.

बाबा परवा पहाटे झोपेतच गेले. शेजारी म्हणाले, नशीबवान माणूस, काही त्रास झाला नाही. आई म्हणाली, "न सांगता गेले. दुकानातून बाहेर जातानाही कधी सांगायचे नाहीत." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ वाहता ठेवून उभी राहिली. कोणी मागे गेलं नाही, कारण नळ कशासाठी वाहतो आहे ते सगळ्यांना कळत होतं.

वर घरात माणसांची ये-जा होती, म्हणून घरचे सगळे खाली फ्रेमच्या दुकानात जमले होते. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं. मधोमध कापायचं मोठं टेबल, त्यावर जुनं घोंगडं अंथरलेलं, आणि घोंगड्यावर सुनेचा लॅपटॉप. भिंतीला टेकून गिऱ्हाइकांची कामं उभी होती. कुणाचं लग्न, कुणाची पदवी, एक गलेलठ्ठ कुत्रा. फ्रेम व्हायची वाट बघणारी ही परकी मंडळी टेबलाकडे तोंड करून होती, त्यामुळे घरच्या पाच माणसांना उगाचच सभेला बसल्यासारखं वाटत होतं.

सून पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींना उत्तरं लिहायचं काम करायची. गेलं वर्षभर ती उत्तरं खरं म्हणजे एआय लिहायचं आणि ती फक्त 'आदरणीय'चं 'माननीय' करायची.

"दोन मिनिटांचं काम आहे," ती म्हणाली. "वय, व्यवसाय आणि स्वभाव सांगितला की झालं."

"स्वभाव नको सांगू," आई म्हणाली.

सुनेनं माहिती भरली. मशीननं क्षणात मजकूर पुढे केला आणि तो आधी न वाचता मोठ्यानं वाचण्याची चूक तिनं केली.

"'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, येथील ज्येष्ठ फ्रेम व्यावसायिकांची सेवा परवा पहाटेपासून कायमस्वरूपी खंडित झाली आहे. नागरिकांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पर्यायी व्यवस्थेसाठी त्यांच्या चिरंजीवांशी संपर्क साधावा.'"

भिंतीला टेकलेला कुत्रासुद्धा अवघडल्यासारखा दिसत होता.

"वाईट नाही," काका म्हणाले. "मुद्देसूद आहे."

"पर्यायी व्यवस्था," दादा हळूच म्हणाला. बाबांच्या हाताखाली फ्रेमा करण्यात त्याची निम्मी हयात गेली होती, आणि आपण नक्की कोण आहोत हे एका मशीनकडून कळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"अहो, ते ऑफिसच्या सवयीनं लिहितंय," सून घाईघाईनं म्हणाली. "थांबा, घरगुती लिही म्हणून सांगते. प्रेमानं लिही म्हणून सांगते."

मशीननं प्रेमानं लिहिलं. त्यात एक हसतमुख, मनमिळाऊ गृहस्थ होते. त्यांना संगीताची आणि पक्ष्यांची आवड होती. लहानथोरांचं ते तोंडभरून कौतुक करत, आणि रोज संध्याकाळी पत्नीसोबत तळ्याकाठी फिरायला जात.

"हा कोण माणूस?" दादानं विचारलं.

"पक्षी," काका म्हणाले. "शटरवर कबुतर बसलं की हातात असेल ते फेकायचा. एकदा माझा चष्मा फेकला."

"आणि आपल्याकडे तळं कुठे आहे? हे काढून टाक सगळं."

"तळ्याचं राहू दे," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"अहो आई, पण ते खोटं आहे," सून म्हणाली. "हे मशीन कधी कधी मनचं घालतं."

"खोटं आहे ते मला सांगू नकोस. माझ्यासोबत कोणी फिरलं नाही हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? राहू दे थोडा वेळ." ती स्टुलावर नीट सरकून बसली, जणू कोणीतरी शेजारी बसणार होतं.

*

काकांचा आता धीर सुटत चालला होता. ते बाबांचे धाकटे भाऊ. उभी नोकरी बसस्थानकावर उद्घोषक म्हणून झाली होती, आणि निवृत्तीनंतरही आवाज निवृत्त व्हायला तयार नव्हता. जेवताना त्यांनी मीठ मागितलं तरी चार घरांतली माणसं आपापल्या पिशव्या उचलतील असं वाटायचं. किती अनोळखी माणसांचं येणं-जाणं त्यांनी जगाला ऐकवलं होतं. आता सख्खा भाऊ गेला होता आणि ते पाणीखात्याच्या भाषेत सांगितलं जात होतं, हे त्यांना सहन होईना. खरं म्हणजे त्यांना रडायचं होतं. पण रडताना आपला आवाज फाटतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि फाटक्या आवाजात काही जाहीर करायचं नाही हा त्यांचा नियम होता.

"मी सांगतो, ते लिहून घे म्हणावं," ते म्हणाले. "त्याला ऐकू येतं का?"

"येतं की." सुनेनं माइकचं चिन्ह दाबलं. पडद्यावर एक छोटी रेघ थरथरायला लागली. "बोला. तुम्ही बोलाल ते सगळं ऐकेल, आणि थांबलात की त्यातून मजकूर करेल."

काकांनी घसा साफ केला. "कळवण्यास अत्यंत दुःख होते की," ते म्हणाले, आणि वरच्या मजल्यावर आलेली माणसं बोलायची थांबली. "काचेइतकं निर्मळ मन, आणि पोलादासारखा निर्धार असलेलं एक बहुआयामी व्यक्तिमत्त्व..."

"बहुआयामी म्हणजे?" आईनं विचारलं.

"ज्याला पुष्कळ बाजू असतात."

"त्यांना एकच बाजू होती. त्यांची."

"वहिनी, निधनवार्तेत असं लिहायची पद्धत असते."

"पद्धत त्यांनी कधी वाचलीच नाही. ते पेपर उघडून काय बघायचे, विसरलात का?"

काका विसरले नव्हते. रोज सकाळी बाबा आधी निधनवार्तांचं पान उघडायचे, पण कोण गेलं ते बघायला नाही. त्या बातम्यांभोवती काळ्या रेघेची चौकट असते, तिचे कोपरे जुळले आहेत का ते बघायला. अंगठ्याचं नख कोपऱ्यावरून फिरवायचे आणि म्हणायचे, "उघडा आहे. एवढा मोठा माणूस गेला, आणि कोपरा उघडा." मग पेपर घडी करून दादाकडे टाकायचे. बातम्या त्यांना रेडिओवर कळत, आणि त्याही त्यांना पटत नसत.

"बरं, शेवटाकडे येतो," काका म्हणाले. "त्यांच्या पश्चात पत्नी, बंधू, मुलगा, सून, मुलगी..."

"मुलगी नाही," दादा म्हणाला.

काकांचा आवाज जिथे होता तिथेच थांबला. सगळ्यांच्या नजरा मागच्या काचेच्या घोडीकडे गेल्या. तिथे, उभ्या लावलेल्या मोठ्या काचांशेजारी, धाकटी मघापासून एक शब्द न बोलता बसली होती.

"मी इथे आहे," ती म्हणाली. "मी नसल्यासारखं बोलायचं असेल तर वर जाते."

"बस तू. मी माझ्या मनचं बोलत नाहीये." दादा टेबलावरच्या घोंगड्याकडे बघत होता. "बाबांनी सांगितलं होतं. हिचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही आणि मी गेल्यावर माझ्याखाली छापायचं नाही. ह्याच टेबलापाशी उभं राहून सांगितलं."

"रागात सांगितलं होतं," आई म्हणाली.

"बाबा दुसऱ्या कशात बोलायचे का?"

तेवढ्यात शटरवर थाप पडली. शेजारची बाई उसन्या दिलेल्या खुर्च्यांचं विचारायला आली होती. सून वाकून बाहेर गेली. जाताना तिच्या मनात भांडण पेटण्याआधी परत यायचं एवढंच होतं. टेबलावर ती छोटी रेघ थरथरतच राहिली, आणि तिकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही.

*

धाकटीनं केलेला गुन्हा सगळ्या गल्लीला तोंडपाठ होता. पुलापलीकडे मोठ्या छपाईचं दुकान उघडलं, तिथे भिंतीएवढे फोटो छापायचे आणि फ्रेमा मशीनवर कापायचे. धाकटी तिथे नोकरीला लागली. बाबांनी ऐकलं, हातातली करवत खाली ठेवली आणि तिच्याशी बोलणं बंद केलं, ते शेवटपर्यंत. नावही घ्यायचं नाही म्हणाले. पण पोटच्या पोरीचा विषय न काढता माणूस राहणार किती? थोड्याच दिवसांत त्यांनी वाट काढली आणि तिला 'पुलापलीकडची' म्हणायला लागले. "पुलापलीकडचीला ताप आहे म्हणे," असं ते भिंतीला सांगायचे. भिंत ते आईला सांगायची.

धाकटीला दुकानात वाटा नको होता. तिला त्या चौकटीत एक शब्द हवा होता. उद्याच्या पेपरात ती नसली, तर बाबांचा तो राग हाच त्यांचा शेवटचा शब्द ठरणार होता, आणि तो परत घ्या असं आता कोणाला जाऊन सांगायचं? हे तिला दादाला सांगता आलं असतं. पण या घरात मनातलं सांगायची रीत नव्हती, भांडायची होती. म्हणून ती भांडली.

"एवढं नाव नको होतं, तर गिऱ्हाइकं का पाठवायचे माझ्याकडे?"

"कसली गिऱ्हाइकं?" काकांनी विचारलं.

"मोठ्या कामाची. इथे होणार नाही असं काम आलं की माणूस आमच्या दुकानात यायचा आणि मलाच शोधायचा. म्हणायचा, पुलाच्या त्या बाजूच्या म्हाताऱ्या फ्रेमवाल्यांनी पाठवलं. म्हणाले, तिकडे एक पोरगी आहे. तिला काही येत नाही, पण काच सरळ कापते."

आई स्टुलावरून पुढे झुकली. "असं म्हणाले?"

"प्रत्येकाला हेच सांगितलेलं. आणि प्रत्येकाच्या हातात रस्त्याचा कागद. पूल, पाण्याची टाकी, मग डावीकडे बाण. बाबांनी जन्मात कोणाला रस्ता सांगितला आहे का? ते म्हणायचे, तोंड आहे ना, विचारत जा. तो बाण कोणाच्या हातचा होता, दादा?"

दादानं घोंगड्यावरचा एक काचेचा कण बोटानं उचलला आणि डब्यात टाकला.

"गिऱ्हाईक चुकलं असतं," तो म्हणाला.

"म्हणजे तुलाही माहीत होतं," आई म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत होतं. फक्त मला कोणी ताकास तूर लागू दिली नाही."

"हो, माहीत होतं मला." दादाचा आवाज चढला. त्याचा आवाज सहसा चढत नसे, त्यामुळे त्याला तो सांभाळता येईना. "इथेच उभा राहून ऐकायचो. काच सरळ कापते, काच सरळ कापते. माझ्याबद्दल कधी काही ऐकलंय का कोणी? कोपरा जुळवून त्यांच्यापुढे ठेवायचा, ते नख फिरवायचे आणि पुढची फ्रेम घ्यायचे. 'चालेल' एवढंही नाही. मी रोज इथे होतो. जी गेली तिचं कौतुक पूल ओलांडून जायचं, आणि जो राहिला तो पर्यायी व्यवस्था. आता चौकटीतही ती माझ्या शेजारी येऊन बसणार. मग मी राहिलो कशाला?"

काकांनी काहीतरी जाहीर करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"तुझ्याबद्दल म्हणायचे," धाकटी म्हणाली.

"उगाच समजूत घालू नकोस."

"समजूत घालायला मी काय काका आहे? तीच माणसं सांगायची. निरोपाचा पुढचा भाग असायचा. छपाई आणि काच तिकडे करा, पण फ्रेम करायला इकडे परत या. मशीनचे कोपरे पावसाळ्यात उघडतात. आमचा मुलगा जुळवतो तो उघडत नाही, माझ्याहून बरं जुळवतो. पण त्याला सांगू नका, डोक्यात जाईल."

दादा तिच्याकडे बघत राहिला. परत येणारी ती गिऱ्हाइकं त्याला आठवत होती. कापलेली काच कागदात गुंडाळून आणायची. तो काच उजेडात धरायचा, कड बघायचा आणि कोणी कापली ते विचारायचा नाही.

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"सांगू नका म्हणाले होते ना." ती थांबली. "आणि मला सांगायचंच नव्हतं. तू आत होतास आणि मी बाहेर. तुला आणखी हेही कशाला मिळायला हवं, असं वाटायचं."

"शाबास," दादा म्हणाला. पण त्याच्या आवाजातला चढ उतरला होता.

"आणि माझ्याबद्दल?" आईनं विचारलं. "माझा काही निरोप?"

धाकटीनं आठवून बघितलं. तिला खोटं बोलायचं होतं, पण आईपुढे ते कधी जमलं नव्हतं. "नाही गं."

"वाटलंच. माझं मला तोंडावर सांगायचे. चहा थंड आहे म्हणायचे. तास तास तसाच ठेवायचा आणि दोष चहाला द्यायचा." तिनं पदरानं नाक पुसलं. "आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणाला काय सांगायचं?"

सून शटरखालून वाकून आत आली. सगळे गप्प बघून आग लागून विझलीसुद्धा, हे तिनं ओळखलं. मग तिची नजर लॅपटॉपवर गेली आणि तिनं कपाळावर हात मारला.

"अहो, हे चालूच होतं?"

*

मशीनला वाटलं, सगळ्यांचं सांगून झालं. ते बाईच्या गोड आवाजात म्हणालं की दिलेल्या माहितीवरून मजकूर तयार केला आहे, आणि कोणी नको म्हणायच्या आत वाचायला लागलं.

"'येथील जुन्या फ्रेम कारागिरांचं परवा निधन झालं. ते नेहमी रागात बोलत. त्यांना एकच बाजू होती. ते वर्तमानपत्र कोपरे बघण्यासाठी उघडत. त्यांचा चहा थंड होत असे आणि त्याचा दोष ते चहाला देत. आपल्या धाकट्या मुलीचं नाव ते घेत नसत. मात्र तिच्याकडे गिऱ्हाइकं पाठवत आणि ती काच सरळ कापते असं प्रत्येकाला सांगत. गिऱ्हाइकांना रस्ता त्यांचा मुलगा काढून देत असे. मुलगा कोपरा त्यांच्याहून बरा जुळवतो, हे त्यांनी मुलगा सोडून सर्वांना सांगितलं. त्यांची मुलं एकमेकांसाठी आलेलं कौतुक जपून ठेवत आणि देत नसत. ते सायंकाळी पत्नीसोबत तळ्याकाठी फिरायला जात.'"

जरा थांबून त्यानं नम्रपणे विचारलं, "'म्हाताऱ्या' हा शब्द मी गाळला आहे. तो हवा आहे का?"

"आवाज चांगला आहे तिचा," काका म्हणाले. "पण बाई श्वास घेत नाही." आणि मग नियम मोडून, फाटक्या आवाजात, ते रडले. सुनेनं त्यांना पाणी दिलं. स्थानकावरच्या इतक्या वर्षांत ते एका दमात जेवढं पाणी प्यायले नसतील तेवढं प्यायले.

"एवढा वेळ सगळ्यांचं मुकाट्यानं ऐकून घेणारं या घरात हे पहिलंच," आई म्हणाली.

"पण हे छापता येणार नाही," सून म्हणाली. "चौकट लहान असते. आणि लोक काय म्हणतील?"

"सरक," दादा म्हणाला.

तो लॅपटॉपसमोर बसला. तो एका बोटानं टंकायचा, आणि प्रत्येक अक्षर पट्टीवर बारीक खिळा ठोकावा तसं ठोकायचा. आई त्याच्याकडे बघत होती. पाठ थोडी वाकवून, ओठ घट्ट मिटून, डोकं एका बाजूला कलतं करून बसलेला हा माणूस तिनं पूर्वी याच टेबलाशी बघितला होता, फक्त तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं. तिला आतून भरून आलं, आणि ह्या वेळी नळ हाताशी नव्हता.

"तळ्याचं काढ," ती म्हणाली.

"राहू दे की आई. कोणाचं काय जातंय?"

"काढ. तासभर हिंडून आले मी. पाय दुखले. आणि ते काही बोलले नाहीत तिथेसुद्धा."

दादानं तळं पुसलं. पाव तास त्यानं कोणाला पडद्याकडे बघू दिलं नाही. काकांनी दोनदा घड्याळाची घोषणा केली. शेवटी त्यानं लॅपटॉप टेबलावर फिरवला, धाकटीच्या दिशेनं, आणि स्वतः जाऊन करवतीचं पातं उगाचच घट्ट करत उभा राहिला.

धाकटीनं वाचलं. वर बाबांचं नाव होतं, वय होतं. मग लिहिलं होतं: 'आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या फोटोंना फ्रेमा केल्या. कौतुक तोंडावर करत नसत. चहा थंड आवडत नसे आणि गरम पीत नसत. कोपरा मात्र उघडा ठेवला नाही. मागे पत्नी, भाऊ, मुलगा, सून आणि पुलापलीकडची.'

खाली मशीननं आपली सूचना जोडली होती. 'पुलापलीकडची' म्हणजे कोण हे वाचकांना कळणार नाही. त्याऐवजी 'कन्या' लिहू का?

त्याच्याखाली दादानं एका बोटानं ठोकलं होतं: नको.

धाकटीला क्षणभर लागलं. तिला साधं 'मुलगी' हवं होतं, आणि त्याच्या बाणानं तिला बरोबर पुलापलीकडे नेऊन सोडलं होतं.

"नाव छापायचं नाही म्हणाले होते," दादा करवतीला म्हणाला. "त्यात नाव नाहीये."

"नाही," ती म्हणाली.

"आणि ते दुसरं काय म्हणायचे तुला? रोज म्हणायचे. दिवसातून दहादा."

मग तिला ते ऐकू आलं, अगदी बाबांच्या आवाजात, भिंतीला उद्देशून, कुरकुरत. एवढी वर्षं ते आपल्याला रोज हाक मारत होते, आणि आपण ऐकू जाणार नाही इतक्या लांब होतो. ती हसली, आणि हसता हसता तिला चष्मा काढावा लागला.

"लोक विचारतील, ही कोण म्हणून," काका म्हणाले.

"विचारू देत," आई म्हणाली. "पूल सगळ्यांनी बघितलाय."

मजकूर सहाला तीन मिनिटं कमी असताना गेला. त्याआधी काकांनी हट्ट धरून तो एकदा फलाटाच्या आवाजात वाचला होता, त्यामुळे उद्याचा पेपर यायच्या आधीच अर्ध्या गल्लीला बातमी कळली.

*

सकाळी पेपर आला. दादानं तो टेबलावर पसरला. सहाव्या पानावर, खालच्या बाजूला, काळी चौकट होती. सगळे शब्द होते. पुलापलीकडचीही होती, सुनेच्या शेजारी, शेवटची.

दादानं अंगठ्याचं नख चौकटीवरून फिरवलं. धाकटी त्याच्या खांद्यावरून वाकली होती. दोघांना ते एकाच वेळी दिसलं.

"उघडा आहे," तो म्हणाला.

"वरचा उजवा," ती म्हणाली.

"जाऊन भांडले असते," आई म्हणाली. "तसेच, गंजिफ्रॉकवर."

दादा मागे गेला आणि काळ्या लाकडाची एक अरुंद पट्टी घेऊन आला. तिचे चार तुकडे त्यानं हातानं कापले, कोपऱ्यांना सरस लावला, आणि चौकट अशी बेतली की पेपरातली काळी रेघ तिच्याखाली पूर्ण झाकली जाईल. धाकटीनं कोपऱ्यावर नख फिरवलं. ते कुठे अडलं नाही. ती 'चालेल' म्हणणार होती, पण डोक्यात जाईल म्हणून गप्प बसली.

दादानं खिळ्याला टांगलेला काच कापायचा हिरा काढला. बाबांच्या बोटांनी त्याची लाकडी मूठ एका बाजूनं झिजली होती. तो त्यानं मूठ पुढे करून तिच्यासमोर धरला.

"काच तू काप," तो म्हणाला. "इथे मशीन नाहीये."

"माहीत आहे."

तिनं घोंगडं हातानं साफ केलं, काच आडवी घातली, पट्टी लावली आणि एका ओढीत रेघ मारली. मग काच टेबलाच्या कडेवर घेऊन दोन्ही हातांनी हलकेच दाबली. ती आवाज न करता सुटली.

दादानं तुकडा उचलला, शटरपाशी नेला आणि उजेडात धरला. एक डोळा मिटून तो कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिला. सून, काका, आई, सगळे थांबले होते.

"आई," तो म्हणाला, "हिला काही येत नाही."

आणि त्यानं काच फ्रेममध्ये बसवली.